दोन्ही दारं उघडी

साल दोन हजार तेवीस. माझं वय सत्तर पुरं होऊन एकाहत्तरावं लागलं होतं. बारामतीत इंदापूर रस्त्याला गॅरेज टाकून चव्वेचाळीस वर्षं झाली होती. त्या वर्षी मी एका गाडीत चुकीचा कॅम बसवला. चुका सगळ्यांच्याच होतात, माझ्याही आधी झाल्या असतील. पण ही चूक करताना "असं करू नका" म्हणून सांगणारा माणूस माझ्या समोर उभा होता, ऐकायला माझे कान शाबूत होते, आणि तरी मी ती केली. म्हणून लिहायला बसलोय.

मी बबन. गाव शेळगाव. शाळा चौथीपर्यंत, त्यातलं शेवटचं वर्ष गुरुजींच्या सायकलचं पंक्चर काढण्यातच गेलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं संपादकांनी बघावं, इंजिनाचं मी बघतो. गॅरेजात शिरताना समोरच्या भिंतीवर पाटी आहे: ‘मिस्त्रीला शिकवू नये.’ ती रंगवणाऱ्यानं विचारलं होतं, "आबा, खाली ‘आभारी आहे’ लिहू का?" मी म्हटलं, "कशाबद्दल?"

आता कॅम म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल.

इंजिनाच्या डोक्यात दोन दारं असतात. कंपनीच्या भाषेत व्हॉल्व्ह. एका दारातून पेट्रोल मिसळलेली हवा आत येते, दुसऱ्यातून जळून झालेला धूर बाहेर जातो. ही दारं ठरल्या वेळी उघडायची आणि ठरल्या वेळी मिटायची. ते काम कॅमचं. कॅम म्हणजे पोलादाचा फिरता तुकडा, गोल नाही, एका अंगाला फुगलेला. कोंबडीचं अंडं उभं कापलं तर जसं दिसेल तसा. फुगलेलं अंग वर आलं की दार ढकललं जातं, खाली गेलं की मिटतं. फुगवटा किती उंच आणि किती रुंद, त्यावर दार किती उघडणार आणि किती वेळ उघडं राहणार ते ठरतं. इंजिन तेच, पिस्टन तोच, पण कॅम बदलला की गाडीचा स्वभाव बदलतो. माणसाचं तसं करता आलं असतं तर मी पहिलं गिऱ्हाईक झालो असतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, धुराचं दार बंद होत असेल आणि मग हवेचं दार उघडत असेल. तसं नसतं. धुराचं दार मिटायच्या आधीच हवेचं दार उघडायला लागतं. थोडा वेळ दोन्ही दारं उघडी. त्याला ओव्हरलॅप म्हणतात. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. मी ते उसाला पाणी देताना शिकलो.

आमच्याकडे पाणी देण्याला ‘दारं धरणं’ म्हणतात. पाटातून पाणी येतं, ते एका सरीत सोडायचं, ती भरत आली की खोऱ्यानं पुढच्या सरीचं तोंड फोडायचं आणि मागचं मातीनं बांधायचं. मी बारा-तेरा वर्षांचा असताना वडील कालव्याच्या भरल्या पाण्यावर दारं धरायचे. एकदा मी शहाणपणा करून आधी मागचं दार बांधलं आणि मग पुढचं फोडायला गेलो. तेवढ्यात पाणी तुंबलं, पाटाचा बांध फुटला आणि शेजाऱ्याच्या भुईमुगात तळं झालं. वडिलांनी पाठीत एक ठेवून दिली आणि म्हणाले, "आरं, येणारं पाणी थांबतं व्हय तुझ्यापायी? आधी पुढचं फोड, मंग मागचं बांध."

पुढं मिस्त्रीकाम करायला लागलो तेव्हा ओव्हरलॅप मला एका झटक्यात कळला. इंजिन जोरात फिरतं तेव्हा धूर एवढ्या वेगानं बाहेर पळतो की जाता जाता ताज्या हवेला मागून ओढून घेतो. दोन्ही दारं जास्त वेळ उघडी ठेवली की सिलिंडर जास्त भरतो. जास्त भरला की ताकद जास्त. शर्यतीच्या गाड्यांना रुंद कॅम घालतात तो यासाठी. माझी गिऱ्हाइकं शेतकरी. त्यांना मी दाऱ्याचंच उदाहरण द्यायचो आणि ती म्हणायची, "हे ब्येस सांगितलंत आबा." मलाही ते ब्येस वाटायचं. त्या उदाहरणाचं मला निम्मंच माहीत होतं, ते सत्तरीत कळायचं होतं.

कॅम निवडणं ही माझी खासियत. शाळेच्या कंपासपेटीतले दोन कोनमापक एकमेकांना चिकटवून मी एक पूर्ण गोल चकती केलेली आहे. ती इंजिनाच्या टोकाला लावायची, हातानं इंजिन फिरवायचं आणि कुठलं दार किती अंशांवर उघडतं, किती अंशांवर मिटतं, ते खडूनं जमिनीवर मांडायचं. दोन्ही दारं किती अंश एकदम उघडी राहतात ते त्यात दिसतं. चौथी शिकलेला माणूस अंश मोजतो म्हणून लोक बघायला थांबायचे. मी हळूच मोजायचो, त्यांना बघता यावं म्हणून.

एकदा बारामतीतले एक सोनार आले. अंगठ्या घातलेल्या बोटांनी मोबाइल पुढं केला. त्यात कुठली तरी परदेशी गाडी उभ्या जागी धडाधडा उसळत होती.

"मिस्त्री, आपल्या गाडीला असला कॅम पायजे. असा आवाज आला पायजे."

मी विचारलं, "गाडी कुठं चालवता?"

"घर ते दुकान."

"किती लांब?"

"चालत पाच मिंटं."

"मग चालतच जावा शेठ. ह्यो कॅम घातला तर प्रत्येक गतिरोधकाला गाडी बंद पडंल, आन तुमी किका मारत बसाल. बाजारपेठेत तुमच्या अंगठ्या बघायला गर्दी हुईल."

सोनार आधी रागावले, मग हसले आणि जुन्याच कॅमवर गेले. सांगायचा मुद्दा, कॅम निवडायच्या आधी पहिला प्रश्न एकच असतो: गाडी कुठं आणि किती वेगात चालणार? हा प्रश्न मी सोनाराला विचारला. ज्याला विचारायला हवा होता त्याला विचारला नाही.

सणसरला निवृत्ती म्हणून एक शेतकरी होता. साडेतीनशेची, एका सिलिंडरची जुनी मोटारसायकल त्याच्याकडं होती. आठवडाभर उसात राबायचा आणि आसपासच्या जत्रांत मोटारसायकलच्या शर्यती असल्या की तिथं जायचा. गाडीचं इंजिन माझ्या हातचं. कऱ्हाटीच्या माळावर सरळ पट्ट्यात शर्यत व्हायची, तिथं तो दोनदा तिसरा आला होता. त्याला पहिला यायचं होतं. मग आम्ही दोघांनी बसून नवा कॅम ठरवला. जुन्याचा ओव्हरलॅप साठ-पासष्ट अंश. नवा मी नव्वदच्या वर सांगितला आणि कोल्हापूरच्या एका जुन्या ग्राइंडरवाल्याकडून घासून आणला. त्या गाडीत हवेचा एक आणि धुराचा एक असे दोन कॅम असतात. दोन्ही आरशासारखे चमकत होते. निवृत्तीनं हातात घेऊन बघितले आणि म्हणाला, "आबा, ऊस कारखान्याला गेला की घालू."

ऊस गेला. नंतर करोना आला आणि त्यात निवृत्तीही गेला. चव्वेचाळीस वर्षांचा. दोन्ही कॅम माझ्याकडं तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात राहिले. दर दिवाळीला फडताळ साफ करताना तो डबा हातात यायचा, मी तो पुसायचो आणि परत ठेवायचो.

दोन हजार तेवीसच्या जानेवारीत निवृत्तीचा धाकटा भाऊ सोपान गाडी घेऊन आला. मान खाली घालून बोलणारा माणूस.

"आबा, गाडी तयार करून द्या. शेळगावच्या जत्रंत शर्यत हाय."

"तू चालवणार?"

"व्हय. घरात ठरलंय. दादा गेल्यापासून गाडी नुसती पडवीत उभी हाय. वैनी म्हणती, चालवणारा नसंल तर कशापायी ठेवायची, ज्याला चालवता येतीया त्येला देऊन टाका. मी म्हटलं, एकडाव मला बसू द्या. पहिल्या तिघात आणली तर गाडी घरात राहील. न्हाय आली तर फलटणचा एकजण मागतोय, त्येला द्यायची."

"आन तुला काय वाटतं?"

त्यानं टाकीवर हात ठेवला. "माझ्या लग्नात दादानं हिच्यावरनं वरात काढली हुती आबा. इकायची म्हटलं की जेवान जात न्हाय."

मी उठलो आणि फडताळातून डबा काढला. आत काय आहे ते सांगितलं. सोपाननं कॅम बघितले, पण हातात घेतले नाहीत.

"आबा, मी रान बघून आलोय. ह्यो कऱ्हाटीचा माळ न्हाय. उसाचं रान मोकळं करून मैदान केलंय. जरा कुठं सरळ हाय की लगीच वळण. गाडी पार हळू करायला लागणार आन परत उचलायला लागणार. जुनाच कॅम बरा वाटतोय मला."

आता लिहिताना कळतं की त्या माणसानं मला सगळं सांगितलं होतं. न विचारता. रान कसं, वळणं किती, वेग किती. मी मात्र भिंतीकडं बोट केलं.

"सोपान, ती पाटी वाचलीस का?"

"वाचली."

"मंग झालं तर."

माझ्या मनात शर्यत नव्हतीच. निवृत्तीचा कॅम निवृत्तीच्या गाडीत फिरताना मला ऐकायचा होता. आणि हा कॅम मी निवडलेला, त्यामुळं तो चुकीचा असूच शकत नाही, हेही होतंच. त्यातलं किती प्रेम आणि किती घमेंड, ते आजही मला नीट वेगळं करता येत नाही.

कॅम बसवला. उजव्या अंगाचं झाकण काढलं, जुने दोन्ही कॅम पुसून पेढ्यांच्या खोक्यात ठेवले, नवे घालून दातेरी चाकांवरच्या खुणा जुळवल्या. रुंद कॅममध्ये पिस्टन वर येतो तेव्हा उघडं दार त्याला धडकायची भीती असते, म्हणून पिस्टनवर कणकेची गोळी ठेवून इंजिन हातानं फिरवलं आणि कणीक किती दबली ते मोजलं. जागा होती. काम अगदी स्वच्छ झालं होतं. चुकीचं काम मी स्वच्छ करून दिलं.

शर्यतीच्या आठवडाभर आधी मीच सोपानच्या मागे बसून सणसरला गाडी पोचवायला गेलो. दारात गाडी थांबली, पण चालूच होती. असा कॅम उभ्या गाडीत शांत चालत नाही. दोन ठोके नीट, एक चुकलेला, मग एकदम उसळी. निवृत्तीची बायको शालन घरातून बाहेर आली. इंजिनाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ही आपली गाडी न्हाय."

सोपान म्हणाला, "वैनी, आपलीच हाय. आतलं बदललंय."

"न्हाय," ती म्हणाली. "ही त्यांची गाडी न्हाय."

आणि मी, जिच्या हातचा चहा मी त्या घरात पंधरा वर्षं पीत आलो होतो तिला, म्हणालो, "पोरी, इंजिनातलं तुला न्हाय कळायचं. शर्यतीची गाडी अशीच वाजती."

ती आत निघून गेली. चहाला बोलावणं आलं नाही.

फेब्रुवारीतल्या रविवारी शेळगावला जत्रा. माझंच गाव, त्यामुळं मी नवी टोपी घालून पुढं बसलेलो. उसाचं खोडवं मोडून रान सपाट केलेलं, टँकरनं पाणी मारून धूळ बसवलेली, वळणांवर बांबू आणि त्यांना उसाची वाढं बांधलेली. एका शर्यतीत आठ गाड्या, पाच फेऱ्या. भोंग्यावर गावचाच एकजण बोलत होता. त्याला बैलगाड्यांची सवय, त्यामुळं मोटारसायकलींनाही तो "हाणा, हाणा" म्हणत होता.

झेंडा पडला. सोपान सुटला आणि पहिल्या सरळ पट्ट्यात त्यानं दोन गाड्या मागं टाकल्या. आवाज काय सांगावा. ज्या आवाजासाठी मी तीन वर्षं थांबलो होतो तो हाच. मी उभा राहिलो. शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून म्हणालो, "बघ, बघ, निवृत्तीचा कॅम."

मग वळण आलं. सगळ्यांनी वेग कमी केला, सोपाननंही केला. बाकीच्या गाड्या वळल्या आणि धपधप करत उचलल्या. सोपाननं मूठ पिळली, आणि गाडी खोकली. फस्स करून कार्बुरेटरातून उलटा वारा आला. पुढं जायला मागंना. त्यानं क्लच दाबून इंजिन पळवलं तेव्हा कुठं ती निघाली. सरळ पट्ट्यात परत एक गाडी मारली. पुढच्या वळणाला परत तेच. तिसऱ्या फेरीत वळणावर ती बंदच पडली.

भोंगेवाला ओरडला, "आरारारा! सणसरची गाडी खोकली की वं! बबन मिस्त्री, गाडीला सर्दी झाली का काय?"

मागून कोणीतरी म्हणालं, "काढा द्या आबा, आलं घालून!"

हशा झाला. सोपान किक मारत होता. पहिली, दुसरी, तिसरी. चौथ्या किकेला गाडी लागली, पण तोपर्यंत सगळ्या निघून गेल्या होत्या. तो सगळ्यांत शेवटी आला. फेऱ्या मात्र पाचही पुऱ्या केल्या.

मी मैदानाच्या कडेला गेलो. त्यानं हेल्मेट काढलं. तोंड घामानं आणि चिखलानं भरलेलं. म्हणाला, "आबा, माझाच हात कमी पडला. मूठ कशी द्यायची ते मला जमंना. दादाला जमलं असतं."

मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. कार्बुरेटरातून वारा उलटा आला तेव्हाच कळलं होतं. निवृत्तीलाच काय, कोणालाही त्या रानात तो कॅम जमला नसता. आणि भोवती गावचे दहा-पंधराजण उभे होते, सगळे माझ्या तोंडाकडं बघत. मी म्हणालो, "व्हय. हात जरा कमी पडला."

सोपाननं मान हलवली. "उद्या दुपारी फलटणचा टेम्पो बोलावतो," म्हणाला, आणि गाडी ढकलत निघून गेला. चालू करून नाही, ढकलत.

मी जत्रेतलं जेवण न जेवता मळ्यात आलो. शेळगावला आमचा दीड एकर ऊस आहे. मी बारामतीत, त्यामुळं गेली तीस वर्षं तो माझी बायको हौसाच बघते. त्या आठवड्यात पाण्याच्या मोटारीची लाइट दिवसाची होती आणि ती दारं धरत होती. मी तिच्या हातातलं खोरं घेतलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि बांधावर जाऊन बसली.

वडिलांनी शिकवलेलं हातात होतंच. सरी भरत आली की आधी पुढचं दार फोडलं, मग सावकाश मागचं बांधायला वळलो. दोन-तीन सऱ्या झाल्या आणि हौसा ओरडली.

"अवं, काय चाललंय तुमचं? मागं बघा जरा!"

मागं बघितलं. पुढच्या सरीत पाणी धड जात नव्हतं. आणि मागच्या सरीत जे भरलं होतं, तेच उघड्या दारातून उलटं पाटात येत होतं.

"कालवा हाय का ह्यो?" ती उठून आली. "विहिरीचं पाणी हाय, मोटार तीन एचपीची, त्यात लाइटीला दम न्हाय. असल्या पाण्याला दोन्ही दारं उघडी ठेवली की भरल्यालं माघारी येतं. जोराच्या पाण्याला आधी फोडायचं. असल्या पाण्याला एका हातानं फोडायचं आन लगीच दुसऱ्या हातानं बांधायचं. तीस वर्षं झाली, तुमाला एवढंबी ठावं न्हाय?"

मी खोरं टेकवून उभा राहिलो. ती बोलत होती ते इंजिनच होतं. गाडी हळू झाली की धुराला जोर राहत नाही. दोन्ही दारं उघडी, मग बाहेर जायचा धूर उलटा आत शिरतो, ताज्या हवेत मिसळतो आणि कार्बुरेटरातून फसफसतो. जोराच्या पाण्याचा कॅम मी कमी पाण्याच्या रानात घातला होता. आणि गाडी हळू होणार हे सोपाननं मला महिनाभर आधी, माझ्याच पाटीखाली उभं राहून सांगितलं होतं.

मी बांधावर बसलो आणि हौसाला सगळं सांगितलं. मैदानावर काय म्हणालो तेही. ती खोरं घेऊन दारं धरतच होती. सगळं ऐकून घेतलं आणि पाठमोरीच म्हणाली, "मंग आता मला सांगून काय उपेग? मी काय सणसरची हाय?"

सकाळी पहिल्या एसटीनं बारामतीला गेलो. गॅरेज उघडलं, पेढ्यांचं खोकं आणि पाने घेतले आणि दुसऱ्या गाडीनं सणसरला उतरलो. कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर चालले होते. सोपानच्या घरापुढच्या चौकात डेअरीला दूध घालायला आलेली चार माणसं उभी होती, कालच्या शर्यतीचंच बोलत असावीत, कारण मी दिसल्यावर गप्प झाली. ते मला बरंच पडलं.

मी म्हटलं, "सोपान, ह्या लोकांपुढंच सांगतो. हात तुझा कमी पडला न्हाय. कॅम चुकला. तू नको म्हणत हुतास आन मी घातला. काल सगळ्यांपुढं मी खोटं बोललो."

त्या चौघांतला एकजण म्हणाला, "मिस्त्री, तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. बादली द्या, इंजिनातलं तेल धरायला."

पडवीतच बसलो. झाकण काढलं. ते चमकणारे कॅम बाहेर आले, ते सोपानच्या हातात दिले. म्हटलं, "ठेव. तुझ्या दादानं पसंत केलेले हायती. पण कऱ्हाटीच्या माळासाठी." जुने कॅम बसवले, खुणा जुळवल्या, दारांची फट तपासली. कामाला दीड तास लागला. माझे हात पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. शालन स्वयंपाकघरात होती, भाकरी थापल्याचा आवाज येत होता. ती बाहेर आली नाही, आणि तिनं का यावं?

किक सोपानला मारायला सांगितली. दुसऱ्या किकेला गाडी लागली. ठोका सारखा पडायला लागला. एकाला एक लागून, न चुकता, जुन्या घड्याळासारखा.

आतला भाकरीचा आवाज थांबला.

शालन दारात आली. दोन्ही हात पिठाचे. चौकटीला टेकून उभी राहिली. मग ती सोपानला म्हणाली, "भावजी, त्या फलटणच्या माणसाला फोन करा. म्हणावं टेम्पो आणू नका."

सोपान आत पळाला. मी पाने पुसत होतो, वर बघायचा धीर नव्हता. तिनं मलाच हाक मारली.

"आबा."

"बोल पोरी."

"अजून हळू हुती. ते ह्याच्यापरीस हळू ठिवायचे."

उभी गाडी किती वेगानं चालावी ते एका छोट्या स्क्रूवर असतं. तो जास्त मागं घेतला तर इंजिनाला तेल कमी पोचतं, हे मी आजवर शेकडो गिऱ्हाइकांना दरडावून सांगितलेलं आहे. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पाव फेरा मागं घेतला.

"अजून थोडं," ती म्हणाली.

मी अजून थोडं घेतलं.